जुळ्यातली

७ नोव्हेंबर ७६, वळसंग

अकलूजचे पाहुणे उद्या येणार. शांताला बघायला.

दाढी करायला बसलो आणि उठलो. कुणासाठी करायची?

समोर मल्हारी अण्णांचं अंगण सारवून झालंय, आमच्या ओट्यावरून सगळं दिसतं. शांता म्हणजे अण्णांची मुलगी. तिची न् माझी गोष्ट कुणाला माहीत नाही. गोष्ट तरी काय. अकरावीपर्यंत एका वर्गात. मी सोलापूरला कॉलेजला निघालो तेव्हा एस.टी.च्या खिडकीखाली येऊन म्हणाली होती, "शिकून ये." मी एस.वाय.ला डेमॉन्स्ट्रेटरच्या अंगावर बेडकाचा ट्रे फेकून परत आलो. तो आईवरून बोलला होता. हे कारण गावात कुणी विचारलंच नाही. शांतानं एवढंच विचारलं, "बेडूक मेलेला हुता का जिता?"

आता गुरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर. डॉक्टर गाईंना इंजेक्शन देतात, मी गाई धरतो.

अण्णा गावभर सांगत सुटलेत, पोरीला आंदण म्हणून जर्सी कालवड देणार. अकलूजच्या पोराचा गोठा मोठा, त्या लोकांना हीच भाषा कळते. या कालवडीची आई, अण्णांची खिलार गाय, जर्सीच्या बीजाच्या इंजेक्शनच्या वेळी मीच धरली होती. जुळं झालं. एक गोऱ्हा, एक कालवड. गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू कुठं बसणार, म्हणून अण्णांनी तो बाजारात काढला. कालवड ठेवली.

शांता आणि श्रीमंत हे बहीणभाऊ पण जुळेच. अण्णा हसून म्हणतात, "आमच्या दारात सगळं जोडीनंच येतंय."

उद्या त्यांच्या दारात जायचं नाही. अजिबात नाही.

८ नोव्हेंबर

गेलो. अण्णांनीच हाक मारली.

काय करून बसलो. नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

मुलाचा काका आधी गोठ्यात गेला. मुलगी नंतर. कालवडीचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलली. अण्णा म्हणाले, "दिगू, तू दवाखान्यातला. सांग की पाहुण्यांस्नी." मागं दारात शांता उभी, हिरवी साडी, हातात पोह्यांचं ताट, मान खाली. आणि काका म्हणाला, "माल चांगला हाय."

कालवडीबद्दलच म्हणाला तो. पण माझी सटकली.

म्हणालो, "वांझ आहे ती. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड गाभण राहत नसते. कॉलेजात शिकलोय मी. न्या अकलूजला, बांधा दारात, शेणाला उपयोग होईल."

काकानं कालवडीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, जिंकलो.

मग मुलाची आत्या, इतका वेळ सुपारी कातरत बसलेली, हळूच म्हणाली, "पण अण्णा, तुमची पोरगी बी जुळ्यातलीच न्हवं का ओ? ह्या पोराबरोबरची?"

श्रीमंत माझ्याकडं बघत राहिला. शांताच्या हातातलं ताट हललं पण नाही.

पाहुणे उठले. पोहे तसेच.

९ नोव्हेंबर

श्रीमंतनं मला डेअरीच्या मागं धरलं. एक दात हलतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी हात उचलला नाही.

"दिग्या, तुला कालवडच दिसली व्हय रं? तिच्या मागं उभी असलेली माझी भन न्हाय दिसली?"

दिसली होती. तीच तर दिसली होती. हे त्याला काय सांगणार.

११ नोव्हेंबर

गावात नवीन शब्द निघालाय. आडावर बायका बोलतात, मी जवळून गेलो की थांबतात. पूर्वी 'अण्णाची शांता' होती. आता 'जुळ्यातली'. मंद्रूपचं एक स्थळ येणार होतं, त्यांचा 'सध्या नको' असा निरोप.

पोरं मला डेअरीवर डिवचतात. "काय प्रोफेसर, आज कुणाकुणाला वांझ केलं?"

१३ नोव्हेंबर

डॉक्टर रजेवरून आले. गावानं सगळं सांगितलं होतंच. इंजेक्शनच्या नळ्या उकळत ठेवल्या, मग म्हणाले, "दिगंबर, तू ज्या पानावर पुस्तक मिटून पळून आलास, त्याच्या पुढच्या पानावर काय होतं माहीत आहे?"

"नाही."

"तिथं लिहिलेलं असतं की हे गाईत होतं, माणसात नाही."

दवाखान्याच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. गाईच्या पोटात जुळ्या वासरांच्या वारा, म्हणजे जार, एकमेकींना चिकटतात, रक्तवाहिन्या जोडल्या जातात, दोघांचं रक्त एक होतं. नराचे स्राव त्या रक्तातून कालवडीच्या अंगात जातात आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. इंग्रजीत तिला फ्रीमार्टिन म्हणतात. क्वचित वाहिन्या जोडल्या जात नाहीत, मग कालवड ठणठणीत निघते. बाईच्या पोटात मुलगा-मुलगी असं जुळं असलं तरी ज्याचं रक्त त्याच्यापाशी. नर की मादी ते बापाच्या बीजातून ठरतं, बाकी निम्मं आईचं, निम्मं बापाचं.

"भावाकडून बहिणीला ओवाळणी मिळते, गुणसूत्रं मिळत नाहीत. लक्षात ठेव."

लक्षात ठेवतो. आता काय उपयोग.

१५ नोव्हेंबर

आईला म्हणालो, मल्हारी अण्णांकडं मागणी घालू.

भाकरी थापता थापता थांबली. "कुणाला? शांताला?"

"हो."

"दुसरी कुनी बी आण. त्या पोरीचा सोभाव चांगला हाय, कामाची हाय, समदं खरं. पर ती नको."

"का?"

"तूच म्हनालास की भर अंगनात."

"आई, ते गाईचं होतं."

"गाय काय न् बाई काय, दिगू. पोट ते पोटच."

डॉक्टरांचं सगळं समजावलं. वार, रक्तवाहिन्या, निम्मं-निम्मं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठ दिवसांमागं बी तू असंच शिकल्यावानी बोलत हुतास."

ताटावरून उठून आलो. लोटा लाथाडला. मग उचलून जागेवर ठेवला.

१९ नोव्हेंबर

एक गोष्ट सुचली. भावाबरोबर जन्मलेली आणि लेकरंबाळं असलेली बाई शोधायची. गावाला डोळ्यांनी दाखवायची.

होटगीत सापडली. गँगमनची बायको, यल्लव्वा. जुळ्यातली, आणि तीन पोरं रेल्वेच्या चाळीत धुडगूस घालत होती. म्हणालो, बाई, एकदा वळसंगला चला, फक्त डेअरीवर उभ्या राहा.

"बेड, बेड! नको बाबा. मी काय गाय हाय व्हय, बाजारात हुबी करायला?" कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दार लावलं.

बरोबरच होतं तिचं.

संध्याकाळी डेअरीवर मीच सांगितलं. होटगीला जाऊन बघा, अशी बाई आहे, तीन लेकरं आहेत. सगळे ऐकत होते. मला वाटलं पटतंय. मग दूध घालायला आलेल्या बाबू तात्यानं विचारलं, "तिचा भाऊ हाय का जिता?"

बोलून गेलो, "नाही. लहानपणीच गेला म्हणाली."

"मग बरोबर हाय की. भाऊ गेला म्हनून तिची कूस मोकळी झाली. जोडीतला भाऊ जिता असला की भनीचं कायतरी त्याच्याकडं अडकून ऱ्हातंय."

माना डोलल्या. कॅनच्या रांगेत श्रीमंत उभा होता, हे मला नंतर दिसलं. दूध न घालताच कॅन घेऊन परत गेला.

मी तोंड उघडलं की कुणीतरी जखमी होतं.

२१ नोव्हेंबर

डेअरीवर पुन्हा तेच बोलणं. बाबू तात्याची गचांडी धरली, लोकांनी सोडवलं. आणि मी ओरडलो, "पुण्याला कालवडीचं रक्त पाठवतो! तिथं दुर्बिणीतून बघतात. कालवड चांगली निघाली तर सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची!"

तात्या उपरण्याची घडी नीट करत म्हणाला, "आन् वाईट निघाली तर?"

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. त्यांचा मित्र पुण्याच्या प्रयोगशाळेत आहे, तपासणी होईल, पण... "अरे गाढवा, गाईचं आणि मुलीचं नातं नाही हे सांगायचं सोडून तू ते जाहीर केलंस. आता ती कालवड काहीही निघाली तरी गाव मुलीला त्याच मापानं मोजणार."

हे मला ओरडायच्या आधी का सुचत नाही?

२६ नोव्हेंबर

रक्त काढलं. डॉक्टर त्यांच्या वरच्या साहेबांच्या सरकारी जीपमधून आले आणि जीप दिसल्याबरोबर गावातली सगळी बापई माणसं ज्वारीत पळाली. नसबंदीवाले आले असं वाटलं. बाबू तात्या सगळ्यात पुढं. एवढ्या सगळ्यातही हसू आलं.

डॉक्टरांनी आधी कालवडीला मागून काचेची नळी घालून बघितली. चांगल्या कालवडीत आत लांब जाते, अशा कालवडीत लवकर अडते. डॉक्टर खाली बसून बघत राहिले, उठले, हात धुतले. "अडल्यासारखी वाटते. पण कालवड अंग चोरतेय. यावरून मी बोलणार नाही."

मग मानेच्या शिरेतून रक्त. गोठू नये म्हणून नळीत औषध, नळी थर्मासमध्ये. मी दावं धरलं होतं. कालवड माझ्या दंडाला मान घासत होती. तिचा काय दोष.

शांता चुलीच्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

२८ नोव्हेंबर, पुणे

रात्रभर थर्मास मांडीवर. जनरलच्या डब्यात एका म्हाताऱ्यानं चहा मागितला त्यातला.

प्रयोगशाळेत एक बाई आहेत, सगळ्यांना 'हळू' म्हणतात. त्यांनी सांगितलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उबेला वाढवायच्या, त्या दुभंगायला लागल्या की औषध घालून तिथंच थांबवायच्या, मग पेशी पाण्यानं फुगवून काचेवर फोडायच्या. गुणसूत्रं पसरतात. रंग दिला की दिसतात.

दुसऱ्याच गाईची काच दाखवली. दुर्बिणीला डोळा लावला. वर्गात मी हे चित्र वहीत काढून दहापैकी आठ मिळवले होते, खरं कधी बघितलंच नव्हतं. जांभळ्या काड्या विखुरलेल्या. गाईच्या बहुतेक काड्या एका टोकाला जोडलेल्या, फक्त एक्स मधोमध जोडलेला, मोठा, म्हणून उठून दिसतो. मादीत असे दोन. "तुमच्या कालवडीत काही पेशी अशा सापडल्या की ज्यात एक एक्स आणि एक वाय आहे, तर त्या भावाच्या. रक्त मिसळलं होतं असं समजायचं."

"आणि एकही नाही सापडली तर?"

"तर आणखी शोधायच्या. घाईनं नाही म्हणता येत नाही."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. त्या बाई नाही म्हणायला इतका वेळ घेतात. मी होय म्हणायला किती घेतला होता?

२ डिसेंबर

शांता भेटली.

करडईची भाजी खुडत होती, त्यांच्या बांधाला. मी बांधावर उभा. वर न बघता म्हणाली, "आलास व्हय पुण्यासनं?"

"आलो."

"बघितलीस का माजी कूस दुर्बिणीतनं?"

खाली बसलो. म्हणालो, मी हे सगळं तुझ्यासाठीच...

"माज्यासाठी? कालवड गाभन राहनार असंल तर मी चांगली, न्हाय तर न्हाय. हे तू ठरवलंस. गावानं न्हाय. गाव नुसतं म्हनत हुतं, तू त्याला शिक्का आनाय गेलास." भाजी ओच्यात टाकत होती, एक एक शेंडा. "शिरमंत रानात झोपतोय आता. घरात जेवत न्हाय. मला काल म्हनाला, मी नसतो तर तुझं बरं झालं असतं. कळतंय का तुला?"

मग उभी राहिली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"आन् समज, कालवड वांझच निघाली. गाव म्हनतंय तसं माझं बी खरं असलं. तर तू करशील लगीन माझ्यासंगं?"

"करीन."

खरं लिहितो. 'करीन' म्हणायच्या आधी मी थांबलो. फार नाही, एक श्वास. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माहीत असून थांबलो. तिला ते दिसलं. ओचा सावरला आणि गेली.

तो एक श्वास कुठून आला? आईकडून निम्मा, गावाकडून निम्मा.

५ डिसेंबर

अण्णा आमच्या ओट्यावर आले. खाली बसले नाहीत.

"अकलूजचा निरोप हाय. कालवड चांगली निघाली तर पोराचा काका फिरून बोलायला तयार हाय. तर तू असं कर दिगू, पुण्यासनं काय बी येऊ दे. तू डेअरीवर सांग, चांगली हाय म्हनून. अब्रू गेली तुझ्या तोंडानं, तुझ्याच तोंडानं परत आण."

"अण्णा, आणि वांझ असली तर? आंदण म्हणून वांझ कालवड पाठवणार?"

"पोरगी उजवल्यावर कालवडीचं बघता येतंय." मग आवाज खाली गेला. "तुझ्या पाया पडू का?"

अण्णा असं बोलतील असं कधी वाटलं नव्हतं. माझ्याहून उंच माणूस.

म्हणजे आता असं आहे. चांगलं आलं तर शांता अकलूजला. वाईट आलं आणि खरं बोललो तर ती कुणाचीच नाही. वाईट आलं आणि खोटं बोललो तरी अकलूजला, आणि पुढं कालवड भाकड राहिली की तिथं तिचं काय होईल ते... ते लिहीत नाही.

माझा रस्ता कुठल्याच निकालातून जात नाही.

८ डिसेंबर

दुपारच्या एस.टी.नं डॉक्टर सोलापूरहून आले. मला बघून म्हणाले, "पुण्याहून फोन झाला. निकाल कळला."

त्यांचं तोंड वाचायला नको म्हणून मी पाठ फिरवली. "सांगू नका."

"काय?"

"मला सांगू नका. आज नको."

"डोकं ठिकाणावर आहे का? हे सगळं ज्याच्यासाठी केलंस..."

"एक काम आधी करायचं राहिलंय. निकालाच्या आधी."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "निकाल कसाही असो, उद्या सकाळी डेअरीवर मला सांगावाच लागेल. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या बाजारात अण्णांनी ती कालवड निकाल न सांगता विकली तर दोष दवाखान्यावर येईल. आणि हेही सांगणार, माणसाचं तसं नसतं. जितके ऐकतील तितके ऐकतील."

तसाच अण्णांच्या दारात गेलो. उजेडात, सगळ्या गल्लीदेखत. अण्णा, काकू, श्रीमंत तिघंही होते. श्रीमंत उठून उभा राहिला. हलणारा दात जिभेला लागला.

"अण्णा, शांताला मागणी घालायला आलोय."

अण्णांच्या तोंडावर एकदम उजेड. "म्हंजे चांगली निघाली!"

"माहीत नाही. निकाल आलाय, मी ऐकला नाही."

"आसं कसं?"

"ऐकला असता तर येऊन काय उपयोग होता."

श्रीमंत पुढं आला. वाटलं, दुसरा दात. त्यानं फक्त विचारलं, "गळ्याशपथ?" म्हणालो, गळ्याशपथ.

आतून शांताचा आवाज. दार अर्धं लोटलेलं, ती दिसत नव्हती. "डाक्टरला इच्यारलं तर डाक्टर बी हेच सांगंल?"

"हो. विचार."

अण्णा म्हणायला लागले, अकलूजचा निरोप आहे, जरा दमानं, तेव्हा आतून पुन्हा, "तुमी थांबा आण्णा." मग मला, "एकटा आलास, हे मागनं न्हाय झालं. तुझ्या आईला घिऊन ये. डेअरी सुरू व्हायच्या आत. त्याच्या नंतर आलास तर मग येऊच नको."

"आई आली तर हो म्हणशील?"

"आई आल्यावर बघू. मी बी निकाल ऐकलेला न्हाय अजून."

श्रीमंत मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला.

९ डिसेंबर, पहाट

आईला रात्री सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. आत्ता सांगितलं.

"निकाल काय आला?"

"माहीत नाही."

"मग दम धर की वाईच. कळू दे. चांगला असंल तर मी स्वतः वटी घिऊन जाती."

"चांगला असला तर अकलूजचे जातील ओटी घेऊन. आणि कळल्यावर गेलो तर ते कालवडीसाठी जाणं झालं, शांतासाठी नाही."

"नातवंड नको का मला?"

"हवं. तुला मी काय पुण्याहून लिहून आणून देऊ? माझंच काय, मला होतील का, हे कुणी विचारलंय?"

आवाज चढला माझा. तोंडावर हात ठेवला. आई माझ्याकडं बघत राहिली. मग चुलीकडं वळली.

मी उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. आतलं ऐकू येतंय. भांडी जागेवर ठेवते आहे, एक एक, सावकाश. समोर अण्णांचं दार उघडं आहे आणि आत दिवा आहे.

आत्ता चुलीवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. निघायचं म्हणून विझवली की माझ्यावरच्या रागानं, कळत नाही. मागं वळून बघत नाही.

डेअरीकडून पहिला कॅन वाजला.